हंगामाच्या शेवटी नूतनीकरण झालेल्या स्टेडियमवर फुटबॉल संघ कसा न्यावा

स्टेडियमचं काम लांबणार हे गृहीत धरूनच चालावं. खरा प्रश्न वेगळाच असतो: काम पूर्ण होतं तेव्हा हंगामाचे पाच-सहा सामने उरलेले असतात, संघ गुणतक्त्यात चढाओढीत असतो आणि सगळ्यांना घरी परतायची घाई झालेली असते. अशा वेळी कंत्राटदाराच्या तोंडी आश्वासनावर पहिल्या सामन्याची तारीख ठरवली की हमखास फसगत होते. तारीख चाचणी सामन्यांवरून ठरवावी. दुसरी गोष्ट, काम चालू असताना घेतलेलं जुनं भाड्याचं मैदान घाईने सोडू नये.

लंडनच्या टॉटेनहॅम क्लबचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यांचं स्टेडियम दुरुस्त केलेलं नव्हतं, जुन्या जागी नव्याने बांधलेलं होतं, पण अडचण तीच. 15 सप्टेंबर 2018 रोजी लिव्हरपूलविरुद्ध तिथे पहिला सामना व्हायचा होता. सुरक्षा यंत्रणेत दोष निघाला आणि संघ तात्पुरत्या मैदानावर, वेम्बलीवरच राहिला. पुढे 24 मार्च 2019 ला 18 वर्षांखालील संघाचा चाचणी सामना झाला, 30 मार्चला माजी खेळाडूंचा, आणि मगच 3 एप्रिलला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लीगचा पहिला सामना. त्या दिवसापासून 12 मेपर्यंत, म्हणजे जेमतेम 40 दिवसांत, लीगचे पाच आणि चॅम्पियन्स लीगचे दोन असे सात सामने त्या मैदानाने झेलले. वेम्बली हाताशी होतं म्हणूनच त्यांना इतके महिने थांबता आलं.

तारखेचं गणित उलटं मांडा

पहिला सामना ज्या दिवशी खेळायचा आहे तिथून मागे मोजत या. चार दिवस आधी शेवटची चाचणी. त्याच्या सहा-सात दिवस आधी पहिली चाचणी. तिच्या किमान दहा दिवस आधी सगळे दाखले हातात. याचा अर्थ कागदपत्रं आणि सामना यांत तीन आठवड्यांचं अंतर हवं. तेवढं अंतर नसेल तर तो सामना जुन्या मैदानावरच खेळा आणि पुढचा धरा.

थांबणंच शहाणपणाचं, असेही प्रसंग असतात. घरचे फक्त दोन सामने उरले असतील आणि त्यातला एक निर्णायक असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: पुढच्या हंगामातच जा. खेळाडूंना चेंडूची उसळी समजायलाच एक सामना जातो.

उलट टोकाची चूक म्हणजे घरचे सगळे सामने शेवटासाठी राखून ठेवणं. अमेरिकेतल्या पोर्टलंड टिंबर्स संघाने 2019 मध्ये आपल्या प्रॉव्हिडन्स पार्क स्टेडियमचा विस्तार सुरू असताना पहिले 12 सामने परक्या मैदानांवर खेळले. 1 जूनला घरी आले तेव्हा उरलेल्या 22 सामन्यांपैकी 17 घरचे होते, आणि पहिलाच सामना लॉस एंजलिस एफसीकडून 3-2 ने गेला. त्यांच्याकडे कृत्रिम हिरवळ आहे म्हणून ते मैदान इतकी वर्दळ सोसू शकलं. नैसर्गिक गवत असतं तर ऑगस्टमध्येच गोलसमोर माती दिसली असती.

दाखले

महाराष्ट्रात महापालिकेचा भोगवटा दाखला, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, विद्युत निरीक्षकांची मंजुरी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि पोलिसांची परवानगी असा साधारण क्रम असतो. लिफ्ट असेल तर तिचा परवाना वेगळा. या सगळ्यांवर लीगच्या तपासणी पथकाचा शेरा. एक कागद दुसऱ्यावर अडकलेला असतो, म्हणून पाठपुरावा करायला एकच माणूस नेमा आणि कोणता अर्ज कोणत्या टेबलावर आहे याची वही त्याच्याकडेच ठेवा.

सगळं स्टेडियम तयार नसेल तर भागाभागाने परवानगी मागा. बार्सिलोनाने कॅम्प नोउवर हेच केलं. 7 नोव्हेंबर 2025 ला आधी खुला सराव ठेवला, आणि 22 नोव्हेंबरला अॅथलेटिक क्लबविरुद्ध परतीचा सामना खेळला तेव्हा प्रेक्षकांची मंजूर मर्यादा 45 हजारांच्या थोडी वर होती. पूर्ण क्षमतेसाठी ते अडून बसले नाहीत. मात्र अर्धवट स्टँड बंद ठेवायचा तर दोरी बांधून भागत नाही. दोन मीटर उंच पक्के पत्रे लावा, बांधकामाची वीज आणि प्रेक्षकांची वीज वेगळ्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवर घ्या, आणि सामन्याच्या दिवशी मजुरांची ये-जा पूर्ण थांबवा.

स्टँडखालचा राडारोडा हा आमच्या दृष्टीने सगळ्यात गंभीर विषय आहे. 11 मे 1985 रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड सिटी क्लबच्या व्हॅली परेड मैदानावर हंगामातला शेवटचा सामना होता. लाकडी मुख्य स्टँडची दुरुस्ती त्या सामन्यानंतर लगेच व्हायची होती. फळ्यांखाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला, मागची दारं बंद होती, आणि 56 माणसं गेली. म्हणून प्रत्येक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी बॅटरी घेऊन प्रत्येक स्टँडखाली फिरलंच पाहिजे. थर्मोकोल, पुठ्ठे, रंगाचे डबे, लाकडी सेंट्रिंग यांपैकी काहीही दिसलं तर ते त्याच रात्री बाहेर काढा.

हिरवळ

105 बाय 68 मीटरचं मैदान आणि चारी बाजूंना 4 मीटर मोकळी पट्टी धरली तर 113 बाय 76, म्हणजे 8,588 चौरस मीटर गवत लागतं. काटछाटीसाठी 5 टक्के जास्त धरा, म्हणजे साधारण 9,000. शिवाय त्याच जातीचं 150 ते 200 चौरस मीटर गवत स्टेडियमच्या मागच्या बाजूला, त्याच वाळूवर वाढवून ठेवा. गोलसमोरचे तुकडे बदलायला ते लागणारच. बाहेरून ऐन वेळी आणलेल्या तुकड्याचा रंग जुळत नाही, आणि त्याची माती वेगळी असली तर पाणी सांध्यावर अडतं.

आपल्याकडच्या स्टेडियमवर बहुधा बर्म्युडा असतं, म्हणजे आपल्या हरळीचंच सुधारलेलं भावंड. मार्च ते मे हा त्याच्या वाढीचा काळ, त्यामुळे आपल्या हंगामाचा शेवट गवताच्या सोयीचा असतो. पण हरळीला सावली सोसत नाही. नूतनीकरणात स्टँडवर नवं छप्पर आलं असेल तर जिथे पूर्वी दिवसभर ऊन पडायचं तिथे आता दुपारनंतर सावली असते आणि वाराही अडतो. सकाळी सातपासून दर दोन तासांनी मैदानाचे फोटो एकाच जागेवरून काढा. जो भाग दिवसाला सहा तासांपेक्षा कमी उन्हात आहे तिथे सराव अजिबात नको आणि पाणीही कमी. सावलीतल्या गवताला इतरांइतकंच पाणी दिलं की ते पिवळं पडतं आणि बुरशी धरते. वेम्बली 2007 मध्ये नव्याने उघडल्यानंतर तीन वर्षांत तिथली हिरवळ वारंवार बदलावी लागली होती. बांधकाम उत्तम असूनही गवत रुसू शकतं, ते असं.

लादी म्हणजे मातीसकट कापून आणलेला गवताचा तुकडा. ती पातळ असेल, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर मातीची, तर मुळं खाली धरायला चार ते सहा आठवडे लागतात. चार सेंटिमीटरची जाड, जड लादी स्वतःच्या वजनानेच बसते, तिच्यावर काही दिवसांत खेळता येतं, पण सांधे तेवढे जपावे लागतात. मुळं धरली का हे पाहायला यंत्र लागत नाही. मैदानावर वीस ठिकाणी, त्यातली निम्मी दोन्ही गोलांसमोर, गवत मुठीत धरून वर ओढा. लादी उचलली गेली तर सामना नाही. गवताचे शेंडे तुटून हातात आले आणि लादी हलली नाही तर ठीक.

कापणी 25 मिलिमीटरवर ठेवा आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. टीव्हीवर पट्टे उठून दिसावेत म्हणून आदल्या दिवशी एकदम खाली कापलं की उन्हात पात्याचा करडा दांडा उघडा पडतो आणि आठवडाभर मैदान भाजल्यासारखं दिसतं.

पाण्याचा हिशोब सोपा आहे: 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 8,588 लिटर. 5 मिलिमीटर द्यायचं तर सुमारे 43,000 लिटर, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर आणि वर थोडं. भूमिगत टाकी याहून लहान बांधलेली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. स्प्रिंकलर तपासायला सारख्या तोंडाचे पंचवीस-तीस डबे मैदानभर मांडा, पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि प्रत्येक डब्यातली पातळी पट्टीने मोजा. सगळ्यात कमी भरलेला डबा सगळ्यात जास्त भरलेल्याच्या निम्म्याहून खाली असेल तर त्या भागातलं नोझल तुंबलंय किंवा पंपाचा दाब पुरत नाही. बांधकामाची बारीक वाळू पाइपात राहते, म्हणून नोझल तुंबतात. सुरुवातीलाच सगळी नोझल काढून लाइन मोकळी सोडावी. आणि स्प्रिंकलरची डोकी बंद झाल्यावर पूर्ण खाली बसतात का, हे एकेकावर पाय ठेवून बघा. अर्धा इंच वर राहिलेलं डोकं खेळाडूचा घोटा मोडतं.

निचऱ्याची परीक्षा वळवाच्या सरीवर सोडू नका. अग्निशमनच्या होजने एका कोपऱ्यात दहा मिनिटं सलग पाणी मारा. तासाभराने तिथे बुटाखाली पाणी येत असेल तर वाळूचा थर रोलरने किंवा क्रेनच्या चाकाने दाबला गेलाय. छपराच्या कामासाठी क्रेन मैदानावरून गेली असेल तर तिच्या वाटेवर हा दोष नक्की सापडतो. तिथे पोकळ दातांचं एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र, चालवून वाळू भरावी लागते, आणि मग दहा दिवस विश्रांती.

कृत्रिम हिरवळ असेल तर तिच्या पात्यांत भरलेल्या रबरी दाण्यांची खोली पेनल्टी स्पॉट आणि कॉर्नरजवळ मोजा, तिथेच ते उडून कमी होतात. उन्हाळ्यात अशा पृष्ठभागाचं तापमान 60 अंशांच्या पुढे जातं, तेव्हा दुपारी चारचा सामना सहावर ढकलण्याची परवानगी लीगकडे आधीच मागून ठेवा.

रेषा आणि गोल

फितीने चारी बाजू बरोबर येतात आणि तरी मैदान तिरकं असू शकतं. कर्ण मोजा: 105 बाय 68 चे दोन्ही कर्ण 125.10 मीटर आले पाहिजेत. कापडी फीत ताणली जाते, पोलादी वापरा.

गोलची उंची 2.44 मीटर, खांबांमधलं अंतर 7.32. उंची दोन्ही खांबांजवळ आणि मध्यावर, तिन्ही ठिकाणी मोजायची. नूतनीकरणात वाळू आणि लादी मिळून जमिनीची पातळी वर येते, खांबांचे सॉकेट मात्र जुन्या पातळीवर राहतात, आणि आडवा खांब चार-पाच सेंटिमीटर बुटका होतो. असले घोटाळे मोठ्या सामन्यांतही होतात: सप्टेंबर 2020 मध्ये उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येला युरोपा लीगच्या सामन्याआधी टॉटेनहॅमच्या गोलकीपरांच्या लक्षात आलं आणि गोल 5 सेंटिमीटरने लहान निघाले, ऐन वेळी बदलावे लागले. सामन्याच्या तीन दिवस आधी मोजलं तर सॉकेट उचलायला वेळ मिळतो. सुटे गोल आणि जाळ्यांचा एक जादा जोड गोदामात हवाच.

दिवे

रात्रीचा सामना असेल तर लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) घेऊन दर 10 मीटरवर मोजणी करा आणि प्रक्षेपण करणाऱ्यांनी मागितलेल्या आकड्याशी ताडून पाहा. सरासरीवर समाधान मानू नका. कॅमेऱ्याला अडचण होते ती सगळ्यात अंधाऱ्या चौकोनाची, आणि तो बहुधा नव्या छपराच्या कडेखाली असतो. मग भर चाचणीत मुख्य वीज मुद्दाम तोडा. जनरेटर किती सेकंदांत भार घेतो ते घड्याळावर बघा. जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर एकदा विझल्यावर पुन्हा पूर्ण पेटायला दहा ते पंधरा मिनिटं घेतात. एलईडी लगेच येतात.

गर्दीची चाचणी

ब्रिटनच्या क्रीडांगण सुरक्षा मार्गदर्शिकेतले आकडे इथे फार उपयोगी पडतात. एका टर्नस्टाइलमधून, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून, तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरायची. बाहेर पडताना सपाट वाटेवर दर मीटर रुंदीला मिनिटाला 82, जिन्यावर 66. आणि स्टँड रिकामा व्हायला आठ मिनिटांच्या वर लागता कामा नये.

हे आपल्या स्टेडियमला लावून पाहा. 6,000 प्रेक्षकांच्या स्टँडला 1.2 मीटर रुंदीचे दहा जिने आहेत. एका जिन्यातून आठ मिनिटांत 633 माणसं, दहांतून 6,336. भागतंय. पण एका जिन्याखाली टाइल्सचे खोके ठेवून तो बंद केला की आकडा 5,702 वर येतो, म्हणजे तीनशे माणसं जिन्यात अडकली. अशा वेळी जिना मोकळा करा किंवा तिकिटं कमी विका. तिसरा मार्ग नाही.

आत येताना 660 हा आदर्श आकडा झाला. नवीन ठिकाणी लोक गेट शोधतात, मोबाइलवरचं तिकीट उघडत नाही, बॅग तपासणीला रांग लागते. पहिल्या सामन्याला 500 च धरा. 12,000 प्रेक्षकांपैकी 8,000 शेवटच्या पाऊण तासात येतात असं मानलं, तर 19 टर्नस्टाइलमधून त्या वेळात 7,125 च आत जातील आणि पावणेनऊशे लोक शिट्टी वाजली तरी बाहेरच असतील. 24 असतील तर 9,000 ची सोय होते. यंत्रं कमी असतील तर हातातले स्कॅनर घेऊन बाजूची मोठी दारं उघडा, पण प्रत्येक दारावर मोजणारा माणूस हवा.

निदान दोन चाचण्या घ्या. पहिलीत क्षमतेच्या एक तृतीयांश लोक, दुसरीत दोन तृतीयांश. टॉटेनहॅमच्या पहिल्या चाचणीला 62 हजारांच्या स्टेडियममध्ये सुमारे 29 हजार प्रेक्षक होते. तिकीट नाममात्र का होईना, लावाच. फुकट पास दिले की लोक कुठेही बसतात आणि आसनक्रमांकांची परीक्षाच होत नाही. पहिल्या चाचणीत मध्यंतराला सगळ्यांना एकदम उठायला सांगा, म्हणजे स्वच्छतागृहांवर आणि पाण्याच्या लाइनवर खरा ताण येईल. सगळे फ्लश एकदम झाले की वरच्या मजल्यावरचं पाणी जातं, हा नेहमीचा दोष. दुसऱ्या चाचणीत शेवटच्या शिट्टीनंतर घोषणा करून एक स्टँड रिकामा करून बघा आणि वेळ लिहून ठेवा.

स्वयंसेवक आणि सुरक्षारक्षकांना नकाशा देऊन भागत नाही. प्रत्येकाला आपल्या दारापासून जवळच्या दोन बाहेरच्या वाटांपर्यंत चालवत न्या, एकदा उजेडात आणि एकदा दिवे घालवून.

हंगामी तिकीटवाले

यांना सांभाळायला सगळ्यात जास्त फोन करावे लागतात. नूतनीकरणात रांगा बदलतात, जुन्या डी-14 च्या जागी आता जिना असतो. जुन्या आणि नव्या आसनांची यादी समोरासमोर लावा, एकत्र बसणारी कुटुंबं आणि मित्रमंडळी आधी बसवा, एकटे नंतर. खांबाआड किंवा नव्या कठड्यामुळे कॉर्नर फ्लॅग दिसत नाही अशा खुर्च्या शोधायला एक माणूस प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना प्रत्यक्ष बसवा. त्या खुर्च्या विकू नका, निदान या हंगामात.

संघासाठी

पहिल्या सामन्याआधी तीन सराव नव्या मैदानावर पुरेत. त्यातला एक सामन्याच्याच वेळेला घ्या, म्हणजे गोलकीपरला ऊन आणि दिवे कुठून डोळ्यांवर येतात ते कळेल. गोलसमोर सराव नको, मधल्या भागात आडवे छोटे गोल लावा. नैसर्गिक गवताला आठवड्याला एकूण पाच-सहा तासांपेक्षा जास्त खेळ देऊ नये. ताज्या लादीवर बुटांखालच्या लांब स्टडने सांधे उचकटतात, पण फार लहान स्टडने खेळाडू घसरतात. बूट-पेटीवाल्याने दोन्ही प्रकार नेऊन खेळाडूंना धावायला लावून ठरवावं.

ड्रेसिंग रूममध्ये तीनच गोष्टी आधी बघा: वीसजण एकदम आंघोळीला गेले तर गरम पाणी पुरतं का, फिजिओच्या टेबलाजवळ प्लग आहे का, आणि स्ट्रेचर दारातून वळतं का. अॅम्ब्युलन्स मैदानाच्या कडेपर्यंत येते का, हे मात्र चालवूनच पाहायचं. नव्या कमानी अनेकदा इंचांनी बुटक्या निघतात.

सामन्याचा दिवस आणि नंतर

सकाळी आठला स्टँडखालची फेरी आणि सगळ्या बाहेरच्या दारांची कुलपं काढली का ते बघणं. दारं किल्लीने बंद नसावीत, आतून ढकलताच उघडावीत. चार तास आधी गोल, जाळ्या, रेषा. तीन तास आधी जनरेटर पाच मिनिटं भारावर. दोन तास आधी गेटं उघडा, नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर. गेटांवरची मोजणी दर दहा मिनिटांनी नियंत्रण कक्षात यावी. सामना सुरू व्हायला वीस मिनिटं असताना हजाराहून जास्त लोक बाहेर असतील तर सामना पंधरा मिनिटं पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे आदल्या दिवशीच लेखी ठरलेलं असावं, आणि ते ध्वनिक्षेपकावरून बाहेरच्यांनाही ऐकू जावं. ऐकू गेलं नाही तर लोक रेटतात.

सामना संपताच माळ्यांना मैदानावर सोडा. उचकटलेली ढेकळं ओली असतानाच काट्याने सैल करून पायाने बसवायची, खड्ड्यात वाळू भरायची, हलकं पाणी द्यायचं. सकाळपर्यंत थांबलं तर मुळं सुकतात. त्याच रात्री प्रत्येक विभागाकडून दोषांची यादी लिहून घ्या, त्यावर कोण दुरुस्त करणार आणि कधीपर्यंत हे टाका. कंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम ही यादी मिटल्याशिवाय सोडू नका.

जुन्या मैदानाचं भाडं दुसरा घरचा सामना नीट पार पडेपर्यंत भरत राहा. तिथे गोलजाळ्यांचा एक संच, कॉर्नर फ्लॅग आणि रेषा आखायचं यंत्र ठेवा, आणि तिथल्या माळ्याला आठवड्यातून दोनदा गवत कापायला सांगा.